फिल्टर घेतला, पुढे काय? ट्रँगलमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नॉर्थ कॅरोलिनातल्या राली, कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स, डरहॅम आणि आसपासच्या, म्हणजे ट्रँगलमधल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "नवीन घर घेतलंय, पाण्याला कुठला फिल्टर बसवू?" तासाभरात चाळीसेक उत्तरं आली. आरओ की कार्बन, सिंकखाली की अख्ख्या घराला, कॉस्टकोतला चांगला की ऑनलाइन मागवावा. एकाने तर तुलनेचा तक्ताच करून टाकला. मी स्वतःही दोन ओळी खरडल्या. रात्री झोपताना लक्षात आलं की एवढ्या चर्चेत पाण्यात नेमकं काय आहे आणि ते कुणी टाकलं, हे एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून हे पत्र. मी वीस वर्षांहून जास्त काळ कॅरीत राहते, माहेर चिपळूणचं. पर्यावरणशास्त्र शिकलेले नाही. पण निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे, आणि गेली काही वर्षं नॉर्थ कॅरोलिनातल्या पर्यावरण परवान्यांच्या जनसुनावण्यांना जाऊन मागच्या खुर्चीवर बसायची सवय लागली आहे. तिथे आपल्यातलं कुणी दिसत नाही.

आपल्या रोजच्या फिरण्याच्या जागेपासून सुरू करते. लेक क्रॅबट्रीला आपण सगळेच जातो. मॉरिसव्हिलचं देऊळ झालं की तळ्याकाठी एक फेरी, पोरांना सायकली, आईवडील भारतातून आले की त्यांचे पाचशे फोटो. तिथे गळ टाकणाऱ्यांसाठी एक फलक आहे. कार्प आणि कॅटफिश खाऊ नका, बाकीचे मासेही अगदी क्वचित. वरच्या अंगाला असलेल्या ब्रायर क्रीक जलाशयातला तर कुठलाच मासा खायचा नाही. कारण पीसीबी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते विषारी रसायन. विमानतळाजवळ वॉर्ड ट्रान्सफॉर्मर नावाचा कारखाना होता, जुने ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायचा. त्यातलं तेल जमिनीत मुरलं, ओढ्यातून जलाशयात आणि तिथून या तळ्यात आलं. ती जागा केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत आहे, म्हणजे देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत. ब्रायर क्रीकला आपल्यापैकी कितीजणांची घरं आहेत, मोजा.

याच कारखान्याचं तेल आणखी एका गावी पोचलं. पीसीबीवर निर्बंध आले, रीतसर विल्हेवाट महाग झाली, तेव्हा १९७८च्या उन्हाळ्यात ठेकेदाराच्या टँकरनी रात्री-अपरात्री रस्त्याच्या कडेला नळ सोडून द्यायला सुरुवात केली. १४ काउंट्या (इथले जिल्हे), सुमारे २४० मैल रस्ता, ३१ हजार गॅलन तेल. पकडले गेले, शिक्षा झाल्या. पण रस्त्याकडेची ती माती खरवडून ठेवायची कुठे? सरकारने वॉरन काउंटीतलं ॲफ्टन निवडलं. आपल्याकडून तासाभराच्या रस्त्यावर, गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्ती, बहुतेकांच्या पिण्याला विहिरी, आणि भूजल इतकं वर की खड्डा खणला तर पाणी फार दूर नाही. १५ सप्टेंबर १९८२ला पहिले ट्रक निघाले आणि लोक रस्त्यावर आडवे झाले. चर्चमधल्या बायका, शाळकरी मुलं, पाद्री. सहा आठवड्यांत पाचशेहून जास्त जणांना अटक झाली, वॉशिंग्टनहून आलेले संसद प्रतिनिधी वॉल्टर फाँट्रॉयही त्यात होते. ट्रक थांबले नाहीत. पण बेंजामिन चेव्हिस यांच्यासारखे नेते 'पर्यावरणीय वंशभेद' हा शब्द बोलू लागले, १९८७ साली चर्चच्या आयोगाने देशभरच्या विषारी कचऱ्याच्या जागांचा वंशानुसार अभ्यास छापला, आणि १९९४मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा आदेश काढला. जानेवारी २०२५मध्ये तो रद्द झाला. ॲफ्टनची माती मात्र विषमुक्त व्हायला २००३ साल उजाडलं. तोवर लहानपणी ट्रकपुढे बसलेली पोरं पोराबाळांची झाली होती.

अमेरिकेतल्या एका अख्ख्या चळवळीचा जन्म आपल्या तळ्यातल्या तेलातून झाला, आणि आपण तिथे पास्ता सॅलड घेऊन पिकनिकला जातो. मीही जाते, उगाच साळसूदपणा नको.

आता जरा जड विषय. आपल्या मराठी मंडळात हे बोलले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "पण यात आपला काय संबंध? आपण तर नंतर आलो." मलाही तसंच वाटायचं, न्यू हिल कळेपर्यंत.

कॅरी, एपेक्स, मॉरिसव्हिल हे सगळं जॉर्डन लेकचं पाणी पितं. ते पाणी केप फिअर नदीच्या खोऱ्यातलं. कॅरीचा बराचसा उतार मात्र न्यूस नदीकडे आहे, त्यामुळे वापरलेलं पाणी भलत्याच खोऱ्यात जायचं. राज्य सरकारने सांगितलं, ज्या खोऱ्यातून उचललंत त्याच खोऱ्यात परत सोडा. बरोबरच आहे, कृष्णा-कोयनेच्या भांडणांवर वाढलेल्या आपल्याला हे समजवायला नको. मग आपल्या गावांनी मिळून नवं सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधायचं ठरवलं आणि जागा काढली न्यू हिलची. न्यू हिल म्हणजे एपेक्सच्या पुढे रेल्वेलाइनच्या कडेची जुनी वस्ती, बरीचशी कृष्णवर्णीय, चर्चभोवती वसलेली. अणुवीज केंद्राचा शेजार त्यांना आधीच होता. ती वस्ती कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही, म्हणजे ज्या नगर परिषदा हा निर्णय घेत होत्या त्यांच्यापैकी एकीच्याही निवडणुकीत या लोकांना मत नव्हतं. गंमत पुढे आहे. स्वतःच्या घरी बहुतेकांना विहीर आणि सेप्टिक टँक. ज्या सांडपाण्याचं केंद्र दाराशी येणार त्यातलं थेंबभरही त्यांचं नव्हतं. ते आपलं होतं. म्हातारी माणसं कित्येक वर्षं बैठकांना येत राहिली, शेवटी तडजोड झाली आणि २०१४मध्ये केंद्र सुरू झालं.

मी तेव्हा कॅरीतच होते. पाणीपट्टी वाढली म्हणून कुरकुर केल्याचं आठवतं. न्यू हिल हे नाव ऐकल्याचं आठवत नाही. आणि कॅरीत मत देण्याचा हक्क मला होता, न्यू हिलच्या त्या आज्यांना नव्हता.

मी असं म्हणत नाही की केंद्र बांधायला नको होतं. एवढी माणसं आलो तर मैला कुठेतरी जाणारच. पण ते 'कुठेतरी' ठरतं त्या संध्याकाळी सभागृहात कोण बसलेलं असतं, यावर बरंच अवलंबून असतं.

आता आय-४० महामार्गावरून विलमिंग्टनला चला. समुद्रावर जाताना सगळ्यांचा हाच रस्ता. वॉर्सॉ, मॅग्नोलिया, वॉलेस अशा पाट्या येऊ लागल्या की गाडीत कुणीतरी म्हणतं, "ई, कसला वास!" आणि काचा वर जातात. पंधरा-वीस मिनिटांत वास मागे पडतो. ड्युप्लिन काउंटीतल्या लोकांना काचा वर करायची सोय नाही.

राज्यात माणसं साधारण १ कोटी १० लाख, डुकरं सुमारे ८० लाख, आणि त्यातली बहुतेक ड्युप्लिन, सॅम्पसन अशा मोजक्या काउंट्यांत. ड्युप्लिनमध्ये माणसं जेमतेम पन्नास हजार. डुकरं लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये असतात, जमिनीला फटी. मलमूत्र फटीतून खाली पडतं, पाण्याने वाहून बाहेर खणलेल्या उघड्या तळ्यात जातं. त्या तळ्याला इथे 'लगून' म्हणतात. शब्द कसा रोमँटिक, मालदीवच्या जाहिरातीत शोभेल असा. आत कुजणारा गुलाबी-तपकिरी मैला. अशी तीन हजारांवर तळी आहेत. तळं भरत आलं की मोठ्या फवारणी यंत्राने तो द्रव शेजारच्या गवताच्या शेतावर उडवायचा. वारा ज्या बाजूचा असेल त्या बाजूच्या घरांवर त्याचे तुषार येतात.

एल्सी हेरिंग यांचं घर अशाच शेताला लागून होतं. गुलामगिरीत जन्मलेल्या त्यांच्या आजोबांनी स्वातंत्र्यानंतर ती जमीन विकत घेतली होती. १९९०च्या दशकात शेजारी फवारे सुरू झाले, आणि भिंतींवर, ओसरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर डुकरांचा मैला येऊ लागला. त्या पंचवीसेक वर्षं तक्रारी करत राहिल्या, २०२१मध्ये गेल्या. चॅपल हिलच्या विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ स्टीव्ह विंग यांनी अशा शेजाऱ्यांबरोबर बसून वर्षानुवर्षं वासाच्या, रक्तदाबाच्या, दम्याच्या नोंदी ठेवल्या. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी लोकांच्या वाट्याला ही शेडं गोऱ्यांपेक्षा जास्त येतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं.

शेतकऱ्यांविषयीही सांगायला हवं, कारण खलनायक म्हणून तेच पुढे केले जातात. बहुतेक ठिकाणी डुक्कर कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, शेडचं कर्ज आणि मैला तेवढा शेतकऱ्याचा. हा करार वाचला तेव्हा मला आपल्याकडची बटाईची आणि सावकारीची आठवण झाली. कंपनी म्हणजे मुख्यतः स्मिथफील्ड, जी २०१३ पासून चिनी मालकीची आहे. मैला हाताळायच्या बऱ्या पद्धती शोधायला याच कंपनीने २०००च्या करारानुसार पैसे दिले, आपल्या रालीतल्या एनसी स्टेट विद्यापीठाने पद्धती शोधूनही दाखवल्या, आणि मग त्या परवडत नाहीत असं ठरलं. नव्या लगूनांना १९९७ पासून बंदी आहे. जुनी तशीच. अलीकडे काहींवर झाकण घालून मिथेन गोळा करतात आणि त्याला हरित ऊर्जा म्हणतात. उरलेला द्रव फवारलाच जातो.

२०१८च्या एप्रिलमध्ये रालीच्या फेडरल कोर्टात ज्यूरीने स्मिथफील्डच्या उपकंपनीला अशा शेडच्या दहा शेजाऱ्यांना ५ कोटी डॉलर भरपाई द्या असं सांगितलं. राज्याच्या कायद्यातल्या मर्यादेमुळे ती साडेबत्तीस लाखांवर आली. तरी निकाल तो निकाल. विधिमंडळाने त्याच जूनमध्ये कायदा बदलला: यापुढे असा दावा करायचा तर शेड सुरू झाल्यापासून किंवा त्यात मूलभूत बदल झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा. नवी शेडं तर १९९७ पासून जवळपास बंदच. म्हणजे दार बंद करून किल्ली विहिरीत. गव्हर्नर कूपर यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो मोडून काढला. ज्यांनी मतं दिली त्यांतले काहीजण आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमांना दिवा लावायला येतात. आपण त्यांना शाल देतो. शालीबरोबर एखादा प्रश्नही द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

"आम्ही डुक्कर खात नाही" हे उत्तर मला माहीत आहे. सप्टेंबर २०१८मध्ये फ्लॉरेन्स वादळ आलं, एलिझाबेथटाउनला ३५ इंचांहून जास्त पाऊस पडला, लगूनं ओसंडून नद्यांत गेली. पुराच्या पाण्याने कोण काय खातं ते विचारलं नाही. चिपळूणचा जुलै २०२१चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना घरात शिरणाऱ्या पाण्याबरोबर काय काय येतं हे माहीत आहे. माझ्या भावाच्या दुकानात छातीएवढं होतं.

आता तुमच्या फिल्टरकडे येते. फेयेटव्हिलच्या दक्षिणेला केप फिअर नदीकाठी आधी ड्यूपॉन्टचा आणि २०१५ पासून केमूर्सचा कारखाना आहे. जेनएक्स हे पीफास नावाच्या मानवनिर्मित रसायनांच्या कुटुंबातलं रसायन त्याने कित्येक वर्षं नदीत सोडलं. हे निसर्गात विघटित होत नाही, म्हणून 'फॉरएव्हर केमिकल'. एनसी स्टेटचे डेटलेफ नॅपी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पिण्याच्या पाण्यात शोधलं, शोधनिबंध २०१६मध्ये आला, पण विलमिंग्टनच्या लोकांना कळलं ते जून २०१७मध्ये, स्थानिक वर्तमानपत्रातून. दोन-अडीच लाख माणसं तोवर ते पीत होती. साधं शुद्धीकरण केंद्र ते अडवू शकत नाही. विलमिंग्टनने २०२२मध्ये ४ कोटी डॉलरहून जास्त खर्चाचे कार्बनचे फिल्टर बसवले, खर्च ग्राहकांच्या बिलात. कारखान्याभोवतीच्या हजारो खासगी विहिरी दूषित निघाल्या त्या वेगळ्याच. कंपनीला २०१९मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड झाला. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारने पिण्याच्या पाण्यातल्या पीफासवर मर्यादा घातल्या. जेमतेम वर्षभरानंतर, मे २०२५मध्ये, त्यातली जेनएक्सची मर्यादा मागे घेण्याचा इरादा जाहीर केला.

आपण या कारखान्याच्या वरच्या अंगाला राहतो, म्हणून सुटलो असं समजू नका. जॉर्डन लेकमध्ये हॉ नदी येते, आणि तिच्यात वरच्या अंगाला ग्रीन्सबरो, बर्लिंग्टनचं सांडपाणी येतं, कापड गिरण्यांची रसायनं आणि पीफास घेऊन. हॉ रिव्हर असेंब्ली नावाची लोकांची संस्था बाटल्यांत नमुने भरभरून वर्षानुवर्षं त्यामागे लागली आहे. कॅरीचं जलशुद्धीकरण केंद्र भुकटी कार्बन वापरतं, म्हणून आपलं पाणी बरं आहे. तुमचा सिंकखालचा फिल्टरही चांगलाच आहे, काढू नका. पण हॉ नदीकाठच्या पिट्सबरोचं छोटं गाव आणि केमूर्सच्या कारखान्याजवळ, ब्लेडन काउंटीत विहिरीच्या पाण्यावर राहणारी आजी हेही याच पाण्याचे लोक आहेत.

एक शेवटची गोष्ट, चिपळूणची आहे म्हणून घशाशी येते. इटलीत विचेन्झाजवळ मिटेनी नावाचा पीफास कारखाना होता. त्याने एका मोठ्या प्रदेशाचं भूजल नासवलं, २०१८मध्ये दिवाळं काढलं, आणि जून २०२५मध्ये तिथल्या कोर्टाने त्याच्या ११ अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने घेतली आणि उभारली लोट्याला. हो, आपलं लोटे परशुराम, आमच्या घरापासून घाट चढला की. म्हणजे इथे फिल्टर पारखून घेणारी आपण माणसं आणि तिथे खाडीचे मासे खाणारी आपलीच माणसं, एकाच रसायनाच्या दोन टोकांना. आपल्याला नाणार माहीत आहे, बारसू माहीत आहे. गावाकडच्या सुनावणीचे व्हिडिओ आपण हिरिरीने पुढे पाठवतो. इथली सुनावणी मात्र आपल्याच काउंटीच्या सभागृहात असते, पार्किंग फुकट असतं, आणि आपण नसतो.

न जाण्याची कारणं मला ठाऊक आहेत. व्हिसा. ग्रीन कार्ड अडकलंय. उगाच नाव कुठे नको. तर एक गोष्ट नीट ऐका: राज्याच्या पर्यावरण विभागाकडे परवान्यावर लेखी अभिप्राय पाठवायला नागरिकत्व लागत नाही. एच-वन-बीवर असलात तरी चालतं. बोलायची भीती वाटली तर नुसतं लिहा; लिहायचा कंटाळा असेल तर नुसते येऊन बसा. खुर्च्या भरलेल्या दिसल्या की अधिकाऱ्यांचा सूर बदलतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि आपल्याकडे असं काही आहे जे सॅम्पसन काउंटीतल्या आज्यांकडे नाही. आपल्यात विदा वाचणारी माणसं ढिगाने आहेत. औषध कंपन्यांत काम करणारे रसायनतज्ज्ञ आहेत. परवान्याच्या तीनशे पानी मसुद्यात सत्त्याऐंशीव्या पानावर काय लपवलंय, हे एका रविवारी दुपारी शोधतील असे लोक आपल्या पॉटलकमध्ये नुसते पुरणपोळीवर चर्चा करत बसलेले असतात. फिल्टरचा तक्ता करणारा तो गृहस्थ तर मला हवाच आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीला वेगळी विनंती. पुढच्या उन्हाळी सहलीची बस समुद्रावर नेण्याआधी एकदा ॲफ्टनला न्या. तिथे रस्त्याच्या कडेला राज्याने लावलेला ऐतिहासिक फलक आहे. त्या आंदोलनातली माणसं अजून आसपास राहतात. त्यांना आपल्याकडून भाषण नको असेल, पण आपण ऐकायला बसलो तर आवडेल असं वाटतं. गणपतीच्या विसर्जनाला कुठल्या तळ्याची परवानगी मिळेल याचा खल आपण दर वर्षी दोन बैठका करतो, त्यातली अर्धी बैठक त्या तळ्यासाठी ठेवा.

परवान्यांच्या नोटिसा मी नेमाने वाचते. पुढची सुनावणी जवळपास लागली की ग्रुपवर तारीख टाकीन. संध्याकाळी सहाला असतात बहुधा, डब्याची वेळ चुकते. माझ्या गाडीत चार जागा रिकाम्या आहेत, आणि थर्मासभर चहा मी आणते. फक्त आय-४० वरून जायचं झालं तर वॉर्सॉ आलं की काचा खालीच ठेवायच्या, ही अट आहे.

आपली,
कॅरीतली एक शेजारीण